डाव्या हाताला जमणारी बोट

दियामांताला अशी बोट हवी होती, जी एका हाताने चालेल. आणि तो हातही डावा.

ग्रीसमधल्या लाक्का बंदराच्या धक्क्यावर लाकिसच्या भाड्याच्या बोटी रांगेने डुलत होत्या. 'परवान्याची गरज नाही' ही पाटी त्याने चार भाषांत रंगवून घेतली होती. लाकिसने सवयीने सगळ्यांत देखणी बोट पुढे केली.

"ही घ्या, मावशी. वर छत, बसायला गाद्या, मोटारीसारखं स्टिअरिंग. बायकांना एकदम सोपी."

"वेग कुठून वाढवायचा?"

"हा काय, उजव्या हाताशी दांडा."

"नको. पुढची दाखव."

लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून दियामांता नवऱ्याबरोबर मासेमारीला जात होती. मागे आर्सेनिस सुकाणू धरून, पुढे ती जाळी ओढत. दोन्ही पोरं तिने टोपलीत निजवून बोटीवरच वाढवली. नवराबायकोची भांडणं तर अशी रंगत की पाण्यावरून गावात ऐकू येत. पण सुकाणूला तिने कधी बोट लावलं नव्हतं. ती जागा त्याची.

मागच्या हिवाळ्यात त्याचं उजवं अंग गेलं. हळूहळू पाय काठीवर आला, हात मात्र लुळाच राहिला. परवाना गेला, आणि रागाच्या भरात त्याने बोटही विकून टाकली. तेव्हापासून तो परसात समुद्राकडे पाठ करून बसे. कॉफी प्यायला मित्रांत जात नसे. डॉक्टर समजावून गेले, पाद्री समजावून गेले. दियामांता मात्र समजावण्याच्या फंदात पडली नाही. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि स्वतःचा उजवा हात अंगाशी करकचून बांधला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"गप्प बस आणि बोट धर."

एका हाताने ती बोटीत चढली, उतरली, दुसरीत चढली. एकीची कड उंच, दुसरीत धरायला काही नाही. तिसरीत ती चक्क आडवी झाली. धक्क्यावर नाश्त्याला बसलेले परदेशी पाहुणे हसले. हसोत बापडे! शेवटी रांगेच्या टोकाला, कडेला कमी उंचीची, रंग उडालेली एक बोट होती. तिला स्टिअरिंग नव्हतं, इंजिनालाच सुकाणूचा दांडा होता. उजव्या बाजूला बसून तो डाव्या हाताने धरायचा, मूठ पिळली की वेग. दियामांता बसली, पिळून पाहिली, परत पिळून पाहिली.

"हीच."

"ही? अहो, हिला दोरी ओढून सुरू करावं लागतं!"

"जन्मभर जाळी ओढली, दोरी ओढायला मरते की काय मी?"

आता कुठे लाकिसच्या डोक्यात उजेड पडला. "मावशी, काकांच्या हातात देणार असाल तर… त्यांचा परवाना…"

"पाटीवर काय लिहिलंयस?"

लाकिसने पाटीकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोर सोडला.

बांधलेला हात मोकळा करून दियामांता आयुष्यात पहिल्यांदा सुकाणू धरून निघाली. दोन बोटींना घासून, एका इंग्रज बाईच्या शिव्या खाऊन ती घराखालच्या पायऱ्यांशी धडकली. त्या आवाजाने आर्सेनिस काठी टेकत बाहेर आला.

"कोण गाढव आहे ते?"

"मी. फिरायला निघालेय. येतोस?"

"या साबणाच्या डबीत? पाहुण्यांची बोट! माझं हसं करायचंय तुला गावात?"

"मग राहा. मी एकटी जाते." तिने दोरी ओढली आणि बोट उलटीच फिरवली.

"अगं, खडक! खडक आहे मागे! थांब!"

तो पायऱ्या उतरू लागला. तिने बोट पायरीला लावून धरली. तो काठावर येऊन उभा राहिला, पाय उचलला, परत टेकवला. हात पुढे करावा असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही मुठींनी पायरीची कडी आवळून धरली. एकदा का आपण त्याला उचललं, की तो परत कधी येणार नाही, हे ती जाणून होती. त्याने काठी बोटीत फेकली, डाव्या हाताने कड पकडली आणि धपकन आत बसला. बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला.

"सरक," तो म्हणाला.

ती पुढे जाऊन तिच्या जागी बसली. मागे इंजिनाचा आवाज चढला. बोट खडक टाळून सरळ बंदराच्या तोंडाकडे निघाली. दियामांताने मागे वळून पाहिलं नाही. डोळे वाहत होते आणि ते त्याने पाहिलेलं तिला चालणार नव्हतं.

"सुकाणू डावीकडे ओढतंय," मागून आवाज आला. "इंजीन नीट बसवलेलं नाही. काय माणूस आहे हा लाकिस!"

ती समोरच पाहत राहिली.

"ऐकतेस का? कधीपर्यंत घेतलीयस ही?"

"संध्याकाळपर्यंत."

त्याने मूठ पिळून वेग वाढवला. मग खेकसला, "त्याला सांग, उद्या हीच लागेल. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस म्हणावं."