त्रेसष्टावी ओळ

"साहेब, माझं चुकलं कुठं तेवढं सांगा," मशीन चालवणाऱ्या सुरेखाताई तिसऱ्यांदा म्हणाल्या. मी पुन्हा स्क्रीनकडे वळलो.

वरव्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात बाटल्या भरणारी लाईन तासभर बंद होती. ती आमच्या कंपनीच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालते. तो प्रोग्राम तपासून मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. त्याचे एरर मेसेज मी लिहिलेले. राहायला मी भोरला, म्हणून मलाच पाठवलं.

स्क्रीनवर होतं: 'ओळ ६३: अनपेक्षित शेवट.' ती ओळ ताईंची. पाच वेळा वाचली. त्यांच्या बाकीच्या ओळीही वाचल्या. सगळं बरोबर.

"दोन मेमो झालेत," सुपरवायझर कदम म्हणाले. "तिसरा दिला की बाई परत पॅकिंगला."

"द्या की, पण चूक दावून द्या!"

"कंप्युटर दावतोय न्हवं? त्याचं काय तुमच्याशी वाकडं हाय व्हय?"

मी ताईंना विचारलं, "वरच्या ओळी कुणाच्या?"

"सकाळच्या शिफ्टच्या," ताई म्हणाल्या. "त्ये जाताना बदल लिवून नुसतं सेव्ह करत्यात. मी खाली माझं जोडते, मग चालू करते. त्यांच्या लिवण्याला आमी हात लावत न्हाई."

मी वर गेलो. एकविसाव्या ओळीवर कंस उघडला होता. एका कामाच्या सूचनांना घातलेलं ते कुंपण. ते बंदच केलं नव्हतं. कंपायलर त्याची वाट बघत फाईलच्या शेवटी पोचला आणि तिथल्या ओळीच्या नावावर चूक टाकून मोकळा झाला.

कंस कुठं उघडला हे त्याला ठाऊक असतं. सांगायची सोय मी केली नव्हती. मागे इथूनच अशी तक्रार आली होती. मी 'युजरची चूक' असा शेरा मारून ती बंद केली. फाईल उघडलीसुद्धा नव्हती.

हे मी कदमांसमोर सांगितलं. मग कंस बंद केला, ताईंनी लाईन चालू केली.

मेमोंच्या दिवशीच्या जुन्या फाईली काढल्या. दोन्हींत तेच. चूक ताईंची नव्हती, हे कंपनीतर्फे लेखी द्यायचं मी ठरवलं.

"लेखी कशाला देतोस?" बॉस फोनवर म्हणाले. "मेसेज सुधार आणि विषय संपव."

मी मेसेज सुधारला आणि लेखीही दिलं. कदमांनी मेमो रद्द केले. ताई मशीनवर राहिल्या.

आता मेसेज येतो: 'ओळ २१ वर उघडलेला कंस बंद झालेला नाही.' पहिल्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. "आज माझीच व्हती, साहेब. दोन मिंटात काडली."

तक्रार बंद करण्याआधी मी आता फाईल उघडतो. एवढं शिकायला दोन मेमो लागले, तेही दुसऱ्याच्या नावावरचे.