सरासरी सत्तावन्न

माझं रोइंग किती वर्षं चाललं असं कुणी विचारलं, तर मी वर्षं सांगत नाही. "भात सोडल्यापासून परत सुरू करेपर्यंत," असं सांगते. ऐकणाऱ्याला विनोद वाटतो. वाटू दे.

पुण्यात रोइंग करणं हाच मुळात एक विनोद आहे. आमच्या नदीला धरणातून सोडलं की पाणी असतं. एरवी जे असतं त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नाही. जलपर्णी वल्ह्यात अडकते आणि वास घरापर्यंत सोबत येतो. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत मी लिफ्टमध्ये शिरले, की शेजारच्या काकू "तू हो पुढे" म्हणून पुढच्या लिफ्टची वाट बघत थांबायच्या. अशा नदीवर मी कॉलेजपासून पस्तिशी ओलांडेपर्यंत रोज सकाळी वल्ही मारली. आवडायचं म्हणून. हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं रडगाणं वाटेल.

आमची बोट दोघींची. माझी जोडीदार विदर्भातून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारी, माझ्याहून चांगली वीतभर उंच आणि रुंद खांद्यांची. आम्ही हलक्या वजनाच्या गटात उतरायचो. त्या गटाचा नियम असा, की दोघींच्या वजनाची सरासरी सत्तावन्न किलोच्या वर जाता कामा नये आणि एकटी कुणी एकोणसाठच्या वर नको. शर्यतीआधी काट्यावर उभं करायचे. तिच्या हाडापेराला एकोणसाठच्या खाली जाणं जमणारं नव्हतं. म्हणजे मी पंचावन्नच्या वर जायचं नाही. सगळं गणित माझ्या ताटात सोडवलं जायचं.

हे आम्हाला कुणी बसवून ठरवून दिलं नाही. आमचे प्रशिक्षक सर फक्त म्हणायचे, "तुमचं तुम्ही आपसात बघून घ्या." आम्ही बघून घेतलं. रविवारी तिच्या मेसमध्ये फीस्ट असायची. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. ती मोजून चार पुऱ्या खायची आणि मी समोर काकडी घेऊन बसायचे. "काहून नाही खाऊन राहिली तू? एक तरी घे," ती म्हणायची. म्हणायची, पण ताट पुढे सरकवायची नाही. घरी सणाला मी पानावर बसायचे आणि वरणाचं पाणी पिऊन उठायचे. पाळी कित्येक महिने यायची नाही. एकदा डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "अहो, घरात जेवायला घालत नाही का हिला?" आई घरी येऊन रडली. मी सॅक उचलून सरावाला गेले. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता, आता नुसता संताप येतो.

एका राष्ट्रीय स्पर्धेच्या सकाळी ती काट्यावर नेमकी एकोणसाठ भरली. मी पंचावन्नच्या जरा वर होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जादा मी होते ना! मग दोन जॅकेटांवर रेनकोट चढवून मी भर उन्हात धावले. ती थुंकायला रिकामी बाटली घेऊन शेजारी धावत होती, "थुंक, अजून थुंक," म्हणत. पाण्याच्या घोटाचंही वजन असतं आणि थुंकीचंही, हे वल्हवणाऱ्यांना सांगावं लागत नाही. सरासरी जमली. आम्हाला रौप्य मिळालं आणि सत्काराच्या वेळी तिला पुढे उभं केलं, उंच होती म्हणून.

पुढे मोठ्या स्पर्धांमधून हलक्या वजनाचा गटच काढून टाकला. कागदावर एक रेघ मारली आणि माझी सगळी उपासमार निकालात निघाली. आता खुला गट. तिथे वजनाला कुणी विचारत नाही. उंची आणि ताकद हवी. मी उंचीला तोकडी, हे मलाही दिसत होतं. तरी वाटलं, इतकी वर्षं आमचं वल्हं एका वेळी पाण्यात पडतंय, ती एकदा तरी सरांना म्हणेल की मला हीच हवी. मला एवढंच हवं होतं. सरांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तिनं मला फोनवर सांगितलं, "सरांनी दुसरी दिली गं. माझ्या हातात काय आहे?" हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी, पंचविशीची, तिच्याएवढीच उंच. मी सरांना जाऊन विचारलं. सर म्हणाले, "मी कशाला देतोय? मी तिलाच विचारलं, कोण हवं. तिनं नाव सांगितलं."

निवडचाचणी आमच्याच नदीवर झाली. मी बघायला गेले, आणि त्या हराव्यात अशी मनापासून इच्छा करत काठावर उभी राहिले. त्यांची बोट सरळ, सपाट गेली. मी असताना आमची बोट इतकी जोरात कधीच गेली नव्हती. दुसऱ्या बोटी मागे कुठेतरी होत्या.

बोट डोक्यावर घेऊन दोघी वर आल्या. मला पाहून माझ्या जोडीदाराला खरंच आनंद झाला, ढोंग नव्हतं. तेच मला सोसवलं नाही. नवीन मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही दोघी लाइटवेट करायचात ना? बाप रे, वेटचं किती टेन्शन असेल!"

मी तोंड उघडायच्या आत जोडीदार हसून म्हणाली, "हिले कायचं टेन्शन? हिची तं अंगलोटच बारीक. हाल तर माहे झाले. किती वर्षं उपाशी राहिली मी!"

"किती लकी ना तुम्ही," ती मुलगी मला म्हणाली.

त्यांना बोट आत न्यायची होती. मी बाजूला झाले.