आधी संडास, मग खोल्या

भाड्याने खोल्या देण्याचा धंदा मी शिकले तो खोली न मिळाल्यामुळे.

मोहोपाड्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा रसायनीचे कारखाने नुकते धूर काढू लागले होते. ज्यांची भातशेती कारखान्यात गेली, त्यांच्या हाती पैसे आले होते आणि जो तो घरामागे खोल्या काढून कामगारांना भाड्याने देत होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी खोली बघायला निघाले. पहिलं घर गावातल्या मोठ्या खातेदाराचं. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांच्या मंडळींनी मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, मागची खोली उघडून दाखवली, भाडं सांगितलं आणि मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाय, त्या खोलीत भात भरलंय वो."

ती रिकामी खोली मी नुकतीच डोळ्यांनी पाहिली होती.

पुढच्या चारही घरी तेच झालं. माझं आडनाव ऐकलं की खोल्यांत भात भरायचं. कृषी खात्याने माझी गावोगाव बदली केली असती तर तालुक्यातला धान्याचा प्रश्न मिटला असता. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो होतो. गावाच्या लेखी मात्र आम्ही होतो तिथेच होतो.

मग चार वर्षं मी कर्जतच्या भिसेगावातून रोज एसटीने, चौकला गाडी बदलून, शाळेत आले. गाडीत पुस्तकं वाचली आणि बाहेरून बी.ए.ची परीक्षा दिली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात जमीन, श्रम, भांडवल ही उत्पादनाची साधनं दिली होती. आडनाव दिलेलं नव्हतं. पुस्तक विलायतेतल्या माणसाने लिहिलेलं असावं.

भांडवल म्हणजे माझ्या चार बांगड्या आणि रेल्वेत असलेल्या नवऱ्याने साठवलेलं थोडंफार. जमीन अचानक मिळाली. मुंबईला निघालेल्या एका दुकानदाराला गावठाणातले तीन गुंठे घाईने विकायचे होते, आणि माझं आडनाव विचारायला त्याच्यापाशी वेळ नव्हता. तुकडा नेमका दादांच्या कुंपणाला लागून होता. खरेदीखत झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दादा शाळेत आले.

"बाय, तुमी मास्तरीन मानूस. खोल्या बांदायच्या, भाडेकरू सांभाळायचे, तुमाला कुटं जमनार? दिलेत तेवडेच पैसे मी देतो. मोकळ्या व्हा."

"बघते," मी म्हटलं. मराठीत याचा अर्थ नाही असा होतो, आणि दादांना मराठी येत होतं.

नवरा मात्र घाबरला. "दिवाळीपर्यंत बघू," तो म्हणाला. "तोवर एकही भाडेकरू आला नाही, तर दादांना देऊन टाकू. बांगड्या तरी परत येतील." मी कबूल झाले. बांगड्यांचं मला फारसं नव्हतं. पण त्या तीन गुंठ्यांवर दादांचं भात वाळताना बघत शाळेत जायचं, हे मला जमलं नसतं.

गवंडी कर्जतजवळच्या कोंडाण्याचा होता. पहिल्या दिवशी मी त्याला मागच्या कोपऱ्यात नेलं आणि म्हटलं, "इथून सुरुवात. दोन संडास, पाण्याची टाकी, खाली शोषखड्डा."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "आदी संडास? मंग मानसं र्‍हानार कुटं?"

"माणसं मागाहून."

"बाय, आमच्या कोंडान्याच्या लेन्यांत बी खोल्या हायत. दोन हजार वर्सं झाली. तितं बी संडास नाय."

"म्हणून तर रिकाम्या आहेत," मी म्हटलं. त्याने थापी उचलली.

मला हे सुचलं त्यात शहाणपण काही नव्हतं. शाळेत कारखान्यातल्या लोकांची मुलं येत, त्यांच्या आया माझ्याशी बोलत. कल्याणच्या, नाशिकच्या, नागपूरच्या बायका. खोली चांगली आहे म्हणत, मग आवाज उतरवून म्हणत, पण पहाटे लोटा घेऊन शेतात जावं लागतं हो बाई. गावाने घरं बांधली ती स्वतःच्या सवयीने. बाप, आजा शेतात गेले, तर भाडेकरूही शेतात जातील असं त्यांनी गृहीत धरलं. जी शेतं कारखान्याला विकून त्या खोल्या बांधल्या होत्या, तीच शेतं. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गावात हसाहस झाली. दादा कुंपणाशी उभे राहून पान चघळत म्हणाले, "बाय, संडासाचा लई लळा दिसतो तुमाला. जुनी वळख, नाय का?"

सोबतची दोघं-तिघं हसली. दादांना काय म्हणायचं होतं, ते सगळ्यांना कळलं होतं.

"हो दादा," मी म्हटलं. "तुमची घाण आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट उचलली. आता भाडं घेणार."

ते पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बांधकाम त्यामुळे भरभर झालं.

त्याच सुमारास दादांनीही आठ खोल्यांची नवी चाळ बांधली. उद्घाटनाला सत्यनारायण झाला, कर्णा लागला, तालुक्याहून एक पुढारी आले. त्यांनी ग्रामीण भागाच्या सर्वांगीण विकासावर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी संयोजकाच्या कानात काहीतरी विचारलं. संयोजकाने त्यांना तांब्या देऊन चाळीमागच्या बांधाकडे नेलं. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी होती, तिच्यावर दादा, दादांचे वडील, पुढारी आणि खुद्द पाटी कोरणारा, अशी चार नावं.

माझ्या चार खोल्या झाल्या तेव्हा पाटीचा प्रश्न आला. गवंडी म्हणाला, "पाटी नको लावू बाय. मानूस येकदा र्‍हायला आला की मंग आडनाव कशाला इचारतोय?" नवऱ्याचंही तेच मत. मी रंगाऱ्याला बोलावून फाटकावर आमचं आडनाव लिहून घेतलं, जाणाऱ्या एसटीतून वाचता येईल एवढं मोठं.

"कशाला ग हे?" नवरा म्हणाला.

"लोकांचा विचारायचा त्रास वाचेल."

त्रास वाचला. भाद्रपद गेला, दसरा गेला, कुणी काही विचारलं नाही. लोक यायचे, फाटकापाशी थांबून वाचायचे आणि दादांच्या चाळीत जायचे. नवरा नुसता कॅलेंडरकडे बघायचा. दादांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "बाय, दिवाळी कंदी हाय?" घरातली गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी गेली, कोण जाणे. मी रविवारी येऊन रिकामे संडास घासून जात होते.

दिवाळीला आठ दिवस असताना नाशिककडचं एक जोडपं आलं. तो कारखान्यात ऑपरेटर. तो खोलीत जाऊन भिंतीवर टकटक करू लागला. ती खोलीकडे वळलीसुद्धा नाही, सरळ मागे गेली. दार उघडलं, कडी लावून पाहिली, टाकीत हात घालून पाणी पाहिलं.

"हीच घ्यायची," ती तिथूनच म्हणाली.

तो माझ्याकडे बघत चाचरत म्हणाला, "अगं, पण नाक्यावर ते म्हणत होते की ह्या बाई..."

"काय म्हणत होते?"

"की ह्या त्यांच्यातल्या आहेत."

"बरं मग?" ती बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली. "तुम्ही शिफ्टला गेलात की अंधारात बांधावर मला नाक्यावरचे नेणार आहेत का?"

त्यानंतर मला खोल्या भरायला कष्ट पडले नाहीत. पाणवठ्यावर बायकाच बायकांना सांगत होत्या. दादांच्या चाळीतली बिऱ्हाडंही एकेक करून उठू लागली. पुढच्या वर्षी मी आणखी चार खोल्या काढल्या आणि त्यांतली एक आमच्यासाठी ठेवली. चौकला गाडी बदलणं संपलं.

मग एका सकाळी दादा फाटकाशी आले. त्यांचा मुलगा कारखान्यात कारकून होता, आणि त्याची डोंबिवलीची बायको माहेरी जाऊन बसली होती. तांब्या घेऊन बांधावर जाणार नाही, म्हणाली होती.

"बाय," दादा पाटीखाली उभे राहून म्हणाले, "पोराला येक खोली पायजे व्हती."

एक खोली रिकामी होती, हे त्यांना कुंपणावरून दिसतच होतं. माझ्यापाशी वाक्य तयार होतं. सहा-सात वर्षं जपलेलं. नवरा दारात उभा राहून ते ऐकायची वाट बघत होता.

"आहे ना," मी म्हटलं आणि पावतीपुस्तक काढलं. "आडनाव सांगा."

दादा हसले. "काय बाय, आख्खा तालुका वळखतो."

"विचारायची पद्धत आहे."

ते हसायचे थांबले. वर पाटीकडे एकदा बघून त्यांनी आडनाव सांगितलं. मी सावकाश, वळणदार अक्षरात ते लिहिलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

दादांच्या आठ खोल्यांत त्या वर्षी खरोखरच भात भरलं होतं.