शेवटच्या खोलीची हवा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. गुडघे कुरकुरत होते, कंबर केव्हाच संपावर गेली होती, आणि असा माणूस या वयात छताच्या पोकळीत रांगत होता. खाली शेवटच्या खोलीत बायको पडून होती. दुखण्याने तिला उकाडा सोसवेना, डोळ्याला डोळा लागेना. मेहुण्याने जुना सेंट्रल एसी आणून बसवला खरा, पण खोल्यांमध्ये हवा नेणाऱ्या, घड्याघड्यांच्या लवचीक नळ्या टाकायला त्याला सवड होईना. आज येतो, उद्या येतो. शेवटी मास्तर म्हणाले, आपला हात जगन्नाथ, आणि स्वतःच वर चढले.

यंत्र सुरू झालं. बाहेरच्या खोलीत, जिथे कुणी बसत नाही, तिथे वारा नुसता घोंघावला. शेवटच्या खोलीतल्या जाळीला हात लावला तर दुधावर घालावी तेवढी फुंकर.

"येतेय हो थोडी थोडी," बायको म्हणाली. तिचा गळा घामाने भिजला होता. त्यांनी शिवलेली वाकडी कॉलरही तिने आयुष्यभर सरळच म्हटली होती.

मास्तरांनी मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, नळी ताणून बसवलीत ना?"

"दर वळणावर हातभर जास्त ठेवलीय. पुढे लागली तर असावी."

"अहो, त्या घड्यांतच हवा मरते. जास्तीची कापा."

आत माया, म्हणजे वाढीव कापड, ठेवल्याशिवाय मास्तरांनी एक कपडा दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. माणूस अंगाने भरतो, पोरं वाढतात. वाढीव कापून टाकणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तसं त्यांनी बायकोला सांगितलं.

तिने अंगावरच्या ब्लाउजची शिवण चाचपली. "माझ्याही कपड्यांत ठेवायचात. हल्ली मात्र शिवण आतच घेताय." मग म्हणाली, "आता काय वाढायचं राहिलंय हो? कापून टाका."

मास्तरांना तिचा भयंकर राग आला. उन्हाळ्याचा आला, गुडघ्यांचा आला. कात्री घेऊन ते पुन्हा वर चढले आणि एकेका वळणाशी नळी कापत, ताणत, चिकटपट्टी गुंडाळत पुढे सरकले. पाणी प्यायलासुद्धा खाली उतरले नाहीत. शेवटची पट्टी लागली तशी हाताखालची नळी फुगून टणक झाली. मास्तर तिथेच फळीवर गाल टेकून पडून राहिले. उतरायचंही त्राण नव्हतं.

"अहो," खालून हाक आली. "चादर द्या ना."

ती खोटं बोलत नव्हती. मास्तर कसेबसे उतरले, कपाटातली मोठी चादर काढली, तिला पांघरली. तिचं अंग झाकूनही अर्धी उरली. ती अर्धी त्यांनी स्वतःवर ओढली आणि मळक्या कपड्यांनीच तिच्याशेजारी आडवे झाले.