दाराजवळची खुर्ची

बाबांचं डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की किडनी गेली की शरीराची राखणही ढिली पडते. मशीन रक्त साफ करून देतं, राखण परत देत नाही. साधी सर्दीसुद्धा यांना महागात पडेल. काविळीच्या लशीचे दुप्पट डोस आधीच देऊनही बाबांच्या रक्तात तिचा काही असर उतरला नव्हता. त्यावर बाबा म्हणाले, आमच्या गिरणीतल्या सायबासारखं आहे, हजेरी लागते पण काम होत नाही. ते बुटीबोरीच्या सूतगिरणीतून निवृत्त झाले होते आणि स्वतःच्या आजाराची टिंगल करण्यात त्यांना भारी मजा वाटे.

मला टिंगल परवडत नव्हती. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी दाराजवळ एक खुर्ची मांडली. भेटायला येईल त्याने तिथेच बसायचं, मास्क लावायचा, खोकला असेल तर फोनवर बोलायचं. बाबांनी ती खुर्ची पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. माझ्या आजोबांसाठी गावातल्या हॉटेलात वेगळी कपबशी असायची. चहा बाहेर बसून प्यायचा आणि कपबशी आपणच विसळून ठेवायची. हे बाबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माह्या घरात कोणाले दारापाशी बसवाचं नाही," ते म्हणाले. "मी मरीन त मरीन."

मी खूप भांडले. जंतू जात विचारून येत नाही, असंही सुनावलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खुर्ची मलाच उचलावी लागली.

दसरा आला. दीक्षाभूमीवर येणारे नातेवाईक दरवर्षी आमच्याकडेच उतरतात, बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरून झोपतात. यंदा नाही म्हणून कळवते म्हटलं, तर बाबांनी ताट बाजूला सारलं. मग काय, सगळे आले. मौद्याकडची आत्या खोकतच आली आणि थेट बाबांच्या पलंगावर बसली. हात हातात घेऊन रडली, त्यांच्या गालावरून हात फिरवला. मी तिला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं, तर बाबांनीच तिला उठू दिलं नाही. त्या प्रेमाचा मला तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. इतकीच माया होती, तर खोकला घेऊन घरी बसायचं होतं.

पाहुणे गेले आणि थोड्याच दिवसांत बाबा मलूल झाले. जेवण नको, बोलणं नको, उठून बसलं तरी धाप लागे. थर्मामीटर पुनःपुन्हा लावला, ताप काही दिसेना. आत्या फोनवर म्हणाली, ताप नाही ना, मग थकवा असेल. माझं मन मानेना. मी ऑटो करून त्यांना दवाखान्यात नेलं, तोवर न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप यायलासुद्धा लढणारं शरीर लागतं.

त्यांना आयसीयूत वेगळ्या खोलीत ठेवलं. दिवसातून एकदा, एकानेच आत जायचं, तेही गाऊन, मास्क, हातमोजे घालून. ज्याने कधी कुणाला दूर बसवलं नाही, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून दूर ठेवलं होतं. आणि ते बरोबरच होतं, याचीच मला जास्त चीड येते.

मी आत गेले आणि त्यांचा हात धरला. रबर लागताच त्यांनी डोळे उघडले.

"तू पण काहून वं?" ते म्हणाले. "काढ ना थे."

मी म्हटलं, बाबा, तुमच्यासाठीच आहे. ते जगावेत म्हणून मी हातमोजा काढला नाही. त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला.