उजव्या अंगाचा बैल

अजिंठ्याच्या लेण्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि डोकं फार लवकर तापायचं. अंधारात बसून कुणीतरी भिंतीवर हत्ती काढला, हे बघून मला इतका उमाळा आला की परतीच्या एसटीतच मी नेम केला: रोज एक चित्र, आजारपणातसुद्धा. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेत मला जेमतेम ‘क’ श्रेणी मिळाली होती, हे त्या उमाळ्यात आठवलं नाही.

नोकरी अंकुशनगरला, साखर कारखान्यात. उसाच्या गाड्या यार्डात आल्या की त्यांना नंबर द्यायचा. हंगाम सुरू झाला की आठ तास उभं राहायचं, मळीचा वास नाकात, चिमणीची काजळी अंगावर. वही खिशात असायची. काजळी कागदावरही बसायची, त्यामुळं छायाप्रकाशाचं अर्धं काम परस्पर व्हायचं.

पहिला महिना मी मन लावून काढलं. मग पाय दुखायला लागले. घरी आल्यावर खाटेवर आडवं होऊन समोर जे दिसेल ते काढायचं, आणि समोर दिसायच्या उंबऱ्याजवळच्या चपला. बायकोनं एकदा वही चाळली आणि म्हणाली, “अहो, अजिंठ्याला जाऊन आलात का चप्पलच्या दुकानात?” नेम मात्र मोडला नव्हता. पानावर तारीख होती. दमलेला माणूस तारखेवर फार विसंबतो.

ही गोष्ट नव्वदच्या पुढच्या एका हंगामातली. मंठ्याकडचा एक गाडीवान दरवर्षी यायचा. पन्नाशीतला, कमी बोलणारा. त्याच्या जोडीतला एक बैल म्हातारा, एका शिंगाचं टोक मोडलेलं, मागचा पाय जरा ओढायचा. दुसरा तरणा, काळ्या मानेचा. गाड्यांच्या रांगेत मला चित्र काढताना त्यानं पाहिलं असावं. एक दिवस जवळ येऊन म्हणाला, की म्हाताऱ्याचा हा शेवटचा हंगाम, पुढच्या वर्षी त्याच्यानं गाडी ओढवणार नाही, जोड फुटणार. दोघांचं एका कागदावर करून द्याल का?

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं चित्र मागितलं होतं. मी छाती काढून ‘बिलकुल’ म्हणालो. उद्या करतो, म्हणालो.

उद्या म्हणालो ते चार महिने. त्याची गाडी रांगेत तासन्‌तास उभी असायची, बैल सोडलेले, उसाचे हिरवे वाढे खात. मी दहा पावलांवर. रोज वाटायचं, आज पाय फार दुखून राह्यलेत, उद्या निवांत बसू. आणि घरी येऊन चपला.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडायचा दिवस जवळ आला तेव्हा मला घाम फुटला. आदल्या दिवशी ड्यूटीवरून येऊन, चहा घेऊन, आठवणीनंच चित्र काढलं. शाईनं. डुलक्या येत होत्या, तरी हौस फिटेना. यार्डात नसलेलं कडुलिंबाचं झाड काढलं, त्यामागून उगवता सूर्य काढला, दोन्ही बैल चांगले पोसलेले काढले. मोडकं शिंग मात्र आठवणीनं मोडलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची खेप. गाड्यांना केळीचे खांब बांधलेले, बैलांना गुलाल, पुढं हलगी. त्याची गाडी सगळ्यात मागं होती. मी कागद दिला. त्यानं हात धोतराला पुसून तो घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. मी स्तुतीची वाट बघत उभा.

“साहेब, जोड माझीच हाय,” तो म्हणाला. “पण म्हातारा उजव्या अंगाचा. चौदा वर्षं झाली, डावीकडं कधी जुंपला न्हाई. तुम्ही डावीकडं जुंपला.”

मी केदारखेड्याच्या शेतकऱ्याच्या घरचा. जो बैल ज्या अंगाला शिकला त्याच अंगाला चालतो, दुसरीकडं जुंपला तर अडून बसतो, हे मला चालायला यायच्या आधी कळलेलं. पण चूक कबूल करेल तो चित्रकार कसला! मी म्हणालो, “मामा, ते समोरून काढलंय. समोरून बघितलं की उजवा डावीकडंच दिसतो.”

त्यानं परत कागदाकडं बघितलं. आवाज न चढवता विचारलं, “मंग शेपट्या कशा दिसून राह्यल्या?”

हलगी पुढं निघून गेली होती. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत दुसरं करून देतो. तो म्हणाला, “आमी आता गाडी खाली केली की निघालो. जोड हितं उभी हाय. बघून काढा, मी थांबतो.”

मग मी गाडीतून पडलेल्या उसाच्या मोळीवर बसलो. पेन्सिल होती, रबर नव्हतं. म्हातारा बैल सारखा पाय बदलत होता, मला तो पाय तीन वेळा काढावा लागला, तिन्ही तसेच राहिले. झाड नाही, सूर्य नाही. तरण्याची मान आखूड झाली. दोघांच्या माना खाली, म्हणून मीही खालीच काढल्या. अर्धा तास गेला असेल. इतका वेळ मी त्या बैलांकडं चार महिन्यांत बघितलं नव्हतं.

कागद फाडून त्याच्या हातात दिला. त्यानं बोट न टेकवता आधी उजवा बैल बघितला, मग डावा.

“हां,” तो म्हणाला. “हे आमचे. दमलेले हायेत.”

पेन्सिलीचा कागद त्यानं घडी न घालता पटक्याच्या गुंडाळीत अलगद ठेवला. शाईचा मला परत दिला, अगदी अदबीनं. पुढच्या हंगामात तो आला नाही. त्याच्या गावचे बाकीचे आले. पण विचारायचं धाडस मला झालं नाही.

नेम मी अजून पाळतो, पण समोर जे असेल तेच, आणि अंगात त्राण असेल तरच. त्यामुळं महिन्याची दहा-बारा चित्रं होतात. त्या शेवटच्या खेपेच्या तारखेला मात्र वहीत शाईचं चित्र चिकटवलेलं आहे. पाहुणे वही चाळतात, नेमके तिथंच थांबतात आणि म्हणतात, वा, काय झाड काढलंय. मी मान डोलावतो. बैलांबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही, आणि मीही स्वतःहून सांगत नाही.