भाची म्हणून भरती

वर्गात पोरांकडून ‘खरे बोलावे’ शंभरदा गिरवून घेणारी बाई मी. आता माझंच ऐका.

दुष्काळाची ती लागोपाठची दोन वर्षं होती. मी फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात शाळेवर होते, आमचे हे कंपनीत. घर शहराच्या कडेला, गुंठेवारीत. गुंठेवारी म्हणजे शेत मोडून पाडलेले प्लॉट. बॉन्डपेपरवर सह्या करायच्या आणि घर बांधून मोकळं व्हायचं. ना नकाशाला मंजुरी, ना धड कागद. शहर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं, नळ काही आला नाही. आठ दिवसांनी टँकर यायचा.

आम्ही वर एक खोली चढवली होती. ती एका परदेशी मुलीला भाड्यानं दिली. अरबी मुलखातली, इथं विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला आलेली, लई गुणी पोर. तिच्या देशात लढाई पेटलेली, विमानं बंद, त्यामुळं सुट्टीतसुद्धा इथंच. आमच्या गल्लीतल्या मुसलमान शेजारणींकडं मावशीला खाला म्हणतात, तिच्याकडंही तसंच. मला खालाच म्हणायची. हिंदी मोडकंतोडकं, पण माझ्याशी भांडण्यापुरतं चांगलं.

परदेशी भाडेकरू ठेवला की पोलिसात फॉर्म भरून कळवावं लागतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण फॉर्मला घराचे कागद जोडायचे, आणि वरच्या खोलीला कागदच नव्हता; चौकशी लागली तर खोली पाडायला लावतील, ही धास्ती. “उगाच कशाला विकतचं दुखणं?” हे म्हणाले. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. बघता बघता नऊ महिने झाले.

मग तिचं पोट दुखायला लागलं. त्या दिवशी टँकरचं पाणी वर चढवायचं होतं. मला वाटलं, पोरीनं सोंग काढलंय. वाटलं तर वाटलं, मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. ओव्याचं पाणी पाजलं. विद्यापीठाच्या दवाखान्यात ती एकटीच जाऊन आली, त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ती जिन्यात, पोटाशी गुडघे घेऊन बसलेली. अंग तव्यासारखं तापलेलं.

रिक्षानं तिला एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या माणसानं तिचा पासपोर्ट उलटापालटा करून बघितला. विम्याचं कार्ड परत सरकवलं, “हे इथं चालत नाय.” मग विचारलं, “घरमालकानं पोलिसात भरलेला फॉर्म कुठंय?”

“भरायचा राहिलाय,” मी म्हटलं.

“मग आम्ही नाय घेऊ शकत, मॅडम. नंतर आमच्यामागं लफडं. सरकारीत न्या.”

सरकारी दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, व्हय. पण तिथं आवारातच पोलीस चौकी असते, आणि मला पोरीच्या पोटाआधी माझी वरची खोली दिसत होती. लाज वाटते लिहिताना, पण असंच होतं ते.

दुसऱ्या दवाखान्याकडं निघालो, तर औरंगपुऱ्याच्या बाजारात रिक्षा गर्दीत अडकली. पुढं हातगाड्या, मागं हॉर्न, बाजूला सरकायला वीतभर जागा नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर. ती कण्हायची आणि मी घामानं ओली. तिथंच माझ्या डोक्यानं ती अक्कल काढली. पिशोरला दिलेल्या माझ्या बहिणीची मुलगी हिच्याच वयाची. नाव तिचं लावायचं. नाव काय, कोणीही सांगावं. पण हिनं तोंड उघडलं तर लगेच कळेल.

“सुन,” मी तिला म्हटलं, “तू मेरी भांजी. और तू गूंगी. एक लफ्ज नहीं बोलना.”

तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. तिची पर्स मी माझ्या पिशवीत कोंबली.

दुसरा दवाखाना लहान होता. भाचीचं नाव, वय, मुक्काम पोस्ट पिशोर. नात्याच्या रकान्यात मावशी. खाली माझी सही, चांगली वळणदार.

“बोलत नाही का?” सिस्टरनं विचारलं.

“जन्मापासून.”

“अगं बाई!” तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मला चटका बसला, तरी मी सुधारले नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. अपेंडिक्स होतं, दुपारी ऑपरेशन करू म्हणाले, तोवर इंजेक्शन सुरू करायचं. सिस्टरनं कागद पुढं घेतला. “कुठल्या औषधाचं वावडं?”

“छे हो,” मी म्हणाले, “आमच्या घरात दगडसुद्धा पचतो.”

सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि पोरीनं माझं मनगट धरलं. जोरजोरात मान हलवली. ‘नको, नको.’ तोंड उघडलं. मला वाटलं सुईला भ्याली, आता अरबीत ओरडते आणि आपला बाजार उठवते. मी तिच्या कानाशी वाकले. “चुप. बिलकुल चुप.”

तिनं तोंड मिटलं.

माझा बाप मेंढरं राखायचा. मेंढीनं चारा सोडला की नुसते डोळे बघून तो तिचं दुखणं ओळखायचा. आणि मी डी.एड. झालेली बाई, माझं मनगट धरून सांगणारी पोर मला कळली नाही.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. तिच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या. मग ओठ सुजले, डोळे बारीक झाले, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. सिस्टर किंचाळली. डॉक्टर धावत आले. “हिला आधी असं झालंय कधी? कशानं झालं होतं? दमा आहे का?”

“मला ठाऊक नाही.”

“अहो, मावशी ना तुम्ही?”

“नाही हो! मी कोणी नाही तिची. परदेशी आहे ती, भाडेकरू आहे माझी. मुकी नाही, डॉक्टर, बोलते ती!” आणि मी पलंगावर वाकून ओरडले, “बोल गं! बोल, बाई, बोल!”

तिनं ओठ हलवले. आवाजच निघेना.

मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून आतल्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. दुसरं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मी भिंतीला टेकून उभी. पळता येईना, आत जाता येईना, कोणाला फोन करावा तर सांगायचं काय? किती वेळ गेला कुणास ठाऊक. सिस्टर बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “वाचली.”

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे बोलले. “मॅडम, परदेशी पेशंट आला तर आम्हालाही कळवावं लागतं. पण आधी उपचार, मग फॉर्म. तिला बोलू दिलं असतं तर तिनंच औषधाचं नाव सांगितलं असतं. लहानपणापासून ठाऊक आहे तिला.”

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, नीट झालं. पोलिसात मी स्वतः गेले. साहेबांनी बोलून घेतलं, जे होते ते कागद घेतले, फॉर्म भरून घेतला. दहा मिनिटांचं काम. घराला कोणी बोटसुद्धा लावलं नाही.

चौथ्या दिवशी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. दवाखान्याच्या पलंगावर ती, शेजारी स्टुलावर मी. आई लई रडत होती. दोन्ही हात वर करून माझ्याकडं बघून काहीतरी म्हणत होती.

“अम्मी बोलती है,” पोरीनं सांगितलं, “खाला ने मेरी बच्ची की जान बचाई. अल्लाह उनका घर सलामत रखे.”

मी खाली मान घातली. “तिला खरं काय ते सांग,” मी हळू आवाजात म्हणाले. “माझ्यासाठी लपवू नको.”

तिनं फोन उशीवर पालथा ठेवला. “आपके लिए नहीं, खाला. वो इधर आ नहीं सकती. मैं उधर जा नहीं सकती. उसको नींद आनी चाहिए ना? उसके लिए आप अच्छी रहो.”

मग तिनं फोन सरळ करून माझ्या हातात दिला. तिकडं ती बाई डोळे पुसत माझी वाट बघत होती. मी हसले, हात जोडले आणि तिचे सगळे आशीर्वाद घेतले.